रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला व्यसनमुक्ती उपचारापर्यंत नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फुटपाथवर, पुलांखाली आणि रेल्वेमार्गाच्या कडेला राहणाऱ्या, नशेत अडकलेल्या माणसांना उपचारापर्यंत नेण्याचं काम करताना लोक आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न आसपासच्या रहिवाशांचे आहेत, काही कॉलेजातल्या स्वयंसेवकांचे, आणि काही हरवलेल्या मुलाला शोधत गावाहून आलेल्या आईवडिलांचे. उदाहरणं मुंबईची आहेत कारण आमचं काम मुंबईत आहे. कायदे आणि औषधोपचारांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र पुणे, नागपूर, मडगाव कुठेही लागू पडेल.

आमच्या स्टेशनाबाहेर एक जण रोज पडलेला असतो. सगळ्यात आधी काय करायचं?

तो शुद्धीवर आहे ना, नीट श्वास घेतोय ना, हे बघायचं. ‘प्यायलाय, पडू दे’ असं म्हणून लोक पुढे जातात आणि त्यात माणसं दगावतात. मोठ्याने हाक मारा, खांद्याला धरून हलवा. डोळे उघडत नसतील, श्वास फार सावकाश किंवा घरघरत येत असेल, ओठ आणि नखं निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला एका कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात पाणी किंवा लिंबूसरबत ओतू नका. फीट आली असेल तर चप्पल किंवा कांदा हुंगवून काही होत नाही. हातपाय दाबून धरू नका, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि आजूबाजूची गर्दी हटवा.

तो शुद्धीवर असेल तर घाईचं काही नाही. पहिल्या भेटीत व्यसनाचा विषय काढूच नका. आपलं नाव सांगा, त्याचं विचारा. दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मारा. पायाला जखम असेल तर तिच्याबद्दल बोला. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला दिवसभरात ‘चल, हट’ याखेरीज फारसं कोणी काही म्हणत नाही, त्यामुळे नावाने मारलेली हाक त्याच्या लक्षात राहते.

पैसे द्यावेत का? की खायला द्यावं?

रोख पैसे आम्ही देत नाही आणि तुम्हीही देऊ नयेत असं आमचं मत आहे. पण ‘पैसे दिले म्हणून तो पितो’ हेही खरं नाही. भंगार वेचून, हमाली करून, लग्नसराईत कॅटररकडे भांडी घासून तो नशेपुरतं कमावतोच.

जेवणाबद्दल मुंबईची गोष्ट जरा वेगळी आहे. माहीमला हॉटेलांबाहेर ओळीने बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. येणाराजाणारा पैसे भरतो आणि त्यांना जेवण मिळतं. दर्गे, गुरुद्वारे, देवळांतले भंडारे यांमुळे या शहरात एक वेळचं अन्न बहुतेकांना मिळून जातं. मिळत नाही ती अंघोळ, कोरडी जागा, जखमेवर स्वच्छ पट्टी आणि बोचकं ठेवायला सुरक्षित कोपरा. रात्री झोपेत चपला आणि आधार कार्ड चोरीला जातं, ते पुन्हा काढायला महिने जातात. म्हणून मदत करायचीच असेल तर सुलभ शौचालयात अंघोळीचे पैसे भरा, जुनी पण धड पँट द्या, जवळच्या पालिका दवाखान्यात त्याच्याबरोबर जा. बरोबर जाणं सगळ्यात महत्त्वाचं. एकटा गेला तर केसपेपरच्या रांगेतूनच त्याला वासामुळे हाकललं जाण्याची शक्यता असते.

ही माणसं व्यसनामुळे रस्त्यावर आली की रस्त्यावर आल्यामुळे व्यसन लागलं?

दोन्ही प्रकार रोज दिसतात. गिरणी गेली, दारू वाढली, घरच्यांनी बाहेर काढलं, अशी मागच्या पिढीतली माणसं आहेत. दहाव्या वर्षी मारकुट्या बापाला कंटाळून गाडीत बसलेलं आणि स्टेशनावर सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा वास येणारा द्रव, ओढायला शिकलेलं मूल आता चाळिशीत आहे, तेही आहे. रस्त्यावर रात्र काढणं म्हणजे डास, पाऊस, पोलिसांचा दंडुका आणि चोरीची भीती. झोप लागण्यासाठी क्वार्टर किंवा बटण, म्हणजे झोपेच्या गोळ्या, घेतल्या जातात. नशा आधी की रस्ता आधी, याचा निवाडा करून उपचारात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो या गोष्टीने की जोवर झोपायला जागा नाही तोवर नशा सोडणं फार अवघड, आणि जोवर नशा आहे तोवर कोणी जागा देत नाही. हा तिढा सोडवायला दोन्हीकडून एकदमच हात घालावा लागतो.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून जास्त बेघर माणसं मोजली गेली. रात्री मोजणीला गेल्यावर किती जण सापडतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा आकडा कमी वाटतो, आम्हालाही वाटतो. व्यसनाबाबत केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठल्याही स्वरूपाचा उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. हे घरात राहणाऱ्यांचं चित्र आहे. ज्याला पत्ताच नाही त्याचं काय, ते यावरून समजावं.

आउटरीच म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जातो. ऐकायला साधं वाटतं, पण विश्वास यातूनच तयार होतो. आज आलेले लोक परवाही येतात, पावसातही येतात, फोटो काढत नाहीत, हे त्याला दिसावं लागतं. पिशवीत पट्ट्या, बँडेज, जंतुनाशक, ओआरएस, साबण असतो. इंजेक्शन घेणाऱ्यांच्या हातापायावर गळवं होतात, दारू पिणाऱ्यांच्या पायाच्या जखमा चिघळतात, कधी कधी त्यात अळ्या पडलेल्या असतात. ड्रेसिंग करायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत माणूस जे बोलतो ते केंद्रातल्या खुर्चीवर बसवून तासाभरात बोलणार नाही.

वेळेचंही एक गणित आहे. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, घेणारा सकाळी उठतो तो टर्कीत, म्हणजे अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, पोटात कळा. त्या वेळी त्याला पुडीशिवाय काही सुचत नाही. पहिला डोस झाला की दोनेक तास तो नीट बोलू शकतो. दारू पिणाऱ्याचं उलटं. त्याच्याशी बोलायचं तर सकाळी लवकर, गुत्ता गाठण्याआधी. हे आम्हाला कोणी शिकवलं असेल तर आमच्यातल्या अशा साथीदारांनी, जे स्वतः कधीकाळी त्याच पुलाखाली होते. त्यांच्याशिवाय हे काम होत नाही. ‘मी पण मस्जिद बंदरला पन्नीवर गर्द ओढायचो, सोडून आता सहा वर्षं झाली’ असं म्हणणारा माणूस समोर बसला की आमच्या पदव्यांचं काही चालत नाही.

नशा कोणती आहे, याने काय फरक पडतो?

खूप फरक पडतो, कारण सोडतानाचा धोका वेगवेगळा असतो.

लोकांना गर्द भयंकर आणि दारू त्यामानाने सौम्य वाटते. सोडण्याच्या बाबतीत मात्र जिवाला जास्त धोका दारूत आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालतायत असं वाटतं, ताप चढतो, दिवसरात्रीचं भान सुटतं. यात मृत्यू येऊ शकतो. म्हणूनच ‘चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, आपोआप उतरेल’ हा सल्ला जीवघेणा आहे. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम औषधं देऊन ती टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि जीवनसत्त्व बी-१ म्हणजे थायमिन देतात. हे थायमिन फार मोलाचं आहे. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं, आणि ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रस्त्यावरून उचलून नेलेला माणूस नुसता ‘अशक्त’ म्हणून दाखल होतो तेव्हा, तो रोज पितो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गर्दची टर्की शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवडाभरात ओसरते. यातना भयंकर असतात, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं नाही तर सहसा जीव जात नाही. झोपेच्या गोळ्या मात्र दारूसारख्याच. एकदम बंद केल्या तर फीट येऊ शकते. रस्त्यावर बहुतेक जण एकच नशा करत नाहीत. गर्द, वर बटण, वर क्वार्टर असं असतं. तेव्हा दाखल करताना खरी यादी सांगणं हा उपचाराचाच भाग समजा.

तो म्हणाला, ‘मला सोडायचंय.’ आता पुढे?

आमच्या मते सगळं काम इथे ठरतं, म्हणून हे उत्तर लांब आहे.

रस्त्यावरचा ‘हो’ काही तासांचा असतो. सकाळी दहाला हो म्हणालेला माणूस दुपारी चारला माल शोधायला निघून जातो. तो खोटं बोललेला नसतो. टर्की सुरू होते आणि शरीर त्याला ओढून नेतं. आणि नेमक्या याच वेळी केंद्राचं उत्तर येतं, ‘पलंग सोमवारी रिकामा होईल. येताना छातीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, आधार, दोन फोटो आणि एक नातेवाईक घेऊन या.’ हो आणि पलंग यांच्यामधल्या या फटीत सगळ्यात जास्त माणसं हरवतात. लोकांना वाटतं की आमचं काम मन वळवण्याचं आहे. मन बहुतेकांचं कधी ना कधी वळलेलंच असतं. ही फट बुजवणं हे खरं काम आहे, आणि ते त्याने ‘हो’ म्हणण्याच्या कितीतरी आधी सुरू करावं लागतं.

म्हणजे काय, तर खोकला असेल तर महिनाभर आधीच पालिका दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायची. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारकडून मोफत आहेत, आणि टीबी निघाला म्हणून केंद्राच्या दारातून परत पाठवलेल्यांची निराशा आम्ही पाहिली आहे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणीही आधीच. हिपॅटायटिस सीचा उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतो, हे अजून अनेकांना माहीत नाही. दोन फोटो काढून फाइलमध्ये ठेवायचे. केंद्राच्या समुपदेशकाला त्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवायचं. आणि गप्पांतून एवढं जाणून घ्यायचं की उद्या जायचं ठरलं तर याला अडवणारं काय आहे. कधी उत्तर असतं, भंगारवाल्याकडे अडकलेले पैसे. कधी बोचकं. कधी बाजूला झोपणारी बाई, जिला एकटं सोडून जायची त्याला भीती वाटते. एखाद्याचा कुत्रा असतो, आणि त्याला कोण खायला घालणार हा त्याच्या लेखी अगदी खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर शोधलं नाही तर तो जात नाही.

ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी कोणीतरी बरोबर जायचं, आणि दाखल होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. पत्ता लिहून लोकलच्या डब्यात बसवून दिलेला माणूस पोहोचत नाही. निघण्याआधी त्याने शेवटचा डोस घेतला तर ओरडू नका, पण किती वाजता घेतला ते लिहून ठेवा. डॉक्टरांना ते लागतं, कारण ब्युप्रेनॉर्फिनसारखं, गर्दऐवजी दिलं जाणारं औषध टर्कीची लक्षणं दिसायला लागल्यावरच सुरू करता येतं. गर्दचा अंमल असताना दिलं तर तेच औषध एकदम तीव्र टर्की आणतं.

पलंग नसेलच तर ‘नंतर बघू’ म्हणू नका. बाह्यरुग्ण विभागातून त्याच दिवशी उपचार सुरू होऊ शकतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत, पुण्यात ससूनमध्ये मनोविकार विभाग आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. त्या रात्री तो कुठे झोपणार आणि उद्या किती वाजता कुठे भेटायचं, एवढं ठरवूनच त्याचा निरोप घ्या.

आधार नाही, नातेवाईक नाही. सही कोण करणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अंमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. या कायद्याच्या कलम ८६ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती स्वतःच्या अर्जावर उपचारासाठी दाखल होऊ शकते. नातेवाइकाची सही कायद्याने बंधनकारक नाही. तो स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणारा माणूस, नसेल, तर समाजकल्याण विभागाचा अधिकारी ती जबाबदारी घेऊ शकतो, आणि तोवर नोंदणीकृत संस्थेच्या माणसाकडून ती तात्पुरती निभावून घेता येते. ही तरतूद कलम १४ मध्ये आहे.

प्रत्यक्षात केंद्रं तरीही नातेवाईक मागतात. त्यांची बाजूही खरी आहे: रात्री काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं? म्हणून भांडत बसण्यापेक्षा संस्थेच्या लेटरहेडवर जबाबदारीचं पत्र द्यावं, फोन रात्रीही चालू ठेवावा, आणि दर आठवड्याला भेटायला जावं. पहिल्या दोन वेळा हे नीट पाळलं की तिसऱ्या वेळी केंद्र पत्रावर दाखल करून घेतं. आधारचं काम दाखल झाल्यानंतर सुरू करता येतं. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला पत्त्यासाठी चालतो.

त्याला कळत नाहीये. सरळ उचलून का नेत नाही?

कारण तो माणूस आहे आणि त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे. बळजबरीने नेलेला माणूस परत आला की पुढच्या वेळी आपल्याला बघून रूळ ओलांडून पळतो, आणि त्याच्याबरोबर त्या जागेवरचे सगळेच. महिन्यांचं काम एका दुपारी बुडतं.

याला अपवाद आहेत. जीव धोक्यात असेल तर १०८. माणूस नशेपेक्षा मानसिक आजाराने भरकटलेला दिसत असेल, स्वतःशी बोलतोय, कचऱ्यातलं खातोय, ऋतूचं भान नाही, तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. अशा लोकांसाठी कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र काम करतं; त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम आणि आमचं काम शेजारशेजारचं असलं तरी पद्धत निराळी आहे.

आणि मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा, १९५९ खाली पकडून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवणं याला कोणी उपचार समजू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्याचा बराच भाग दिल्लीपुरता २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात तो अजून आहे. धरपकडीनंतर माणसं विखुरतात, ज्यांची उपचाराची गोळी चालू होती त्यांची तुटते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उपचाराला गेला तर पोलीस पकडतील का?

ही भीती फार खोल आहे. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे आणि त्यात सेवन हाही गुन्हा आहे. पण त्यातच कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो तेव्हा त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट अशी की उपचार पूर्ण करावा लागतो. अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. चोरीमारीचे इतर गुन्हे याने माफ होत नाहीत, हेही त्याला आधीच सांगा. खोटं आश्वासन देऊन नेलेला माणूस पुन्हा विश्वास ठेवत नाही.

ओएसटी म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणं नाही का?

नाही. ओएसटी, म्हणजे गर्दसारख्या नशेऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुसरं औषध देण्याचा उपचार. त्यात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन रोज, ठरलेल्या मात्रेत, केंद्रातल्या परिचारिकेसमोर घेतलं जातं. टर्की येत नाही आणि ओढ कमी होते, त्यामुळे दिवस माल शोधण्यात जात नाही. सुई सुटते, म्हणून एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा प्रसार कमी होतो. रोज गोळीला येणारा माणूस टीबीच्या गोळ्याही तिथेच घेऊ शकतो. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, हिच्या कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी रस्त्यावरच्या माणसांबरोबर अनेक वर्षं हेच काम केलं आहे.

गर्द घेणाऱ्या बेघर माणसासाठी आम्ही बऱ्याचदा आधी हाच रस्ता सुचवतो. महिनाभर आत राहून पूर्ण कोरडा झालेला माणूस त्याच पुलाखाली परतला तर काय होतं ते पुढे लिहिलं आहे. गोळी चालू असलेला माणूस त्या पुलाखालीही काही काळ तग धरतो, आणि तेवढ्या वेळात जागा, काम, कागद यांची जुळवाजुळव करता येते. स्वच्छ सुया देण्याबद्दलही असाच आक्षेप घेतला जातो. आमचं उत्तर साधं आहे: उपचारापर्यंत पोहोचायला माणूस तोवर जगायला हवा.

स्त्रिया आणि मुलं यांचं काय?

स्त्रिया कमी दिसतात, कारण त्या लपून राहतात. रस्त्यावरच्या बाईला रात्री संरक्षणासाठी कोणा पुरुषाचा आधार घ्यावा लागतो, आणि बहुधा तोच तिला नशा पुरवतो. तिला एकटीला गाठून बोलायला स्त्री कार्यकर्तीच हवी. निवासी उपचाराच्या जागा स्त्रियांसाठी फारच थोड्या आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. कडेवर मूल असेल तर ‘मूल काढून घेतील’ या भीतीने ती दवाखान्याची पायरी चढत नाही. गरोदर बाई गर्द घेत असेल तर तिला एकदम बंद करायला सांगू नका, त्याने गर्भाला धोका होतो. तिला प्रसूती आणि मनोविकार असे दोन्ही विभाग असलेल्या रुग्णालयात न्या.

अठराखालचं मूल असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. पुढचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. मुलाला मोठ्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रात कधीही ठेवू नये.

केंद्र चांगलं की वाईट, हे कसं ओळखायचं?

आत जाऊन बघा. बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. डॉक्टर रोज येतात का, मनोविकारतज्ज्ञ कोण, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. माणसांना साखळीने बांधणं मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नुसार बेकायदा आहे, आणि ‘शिस्तीसाठी’ मारहाण करणारी केंद्रं आजही आहेत. रात्री घरी गाडी पाठवून माणूस उचलून नेतो अशी जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहा.

पैसे नसले तरी वाट बंद होत नाही. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रं मोफत आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण, फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात सुरू केलेलं कृपा फाउंडेशन, ही मराठी माणसाला परिचित नावं. तिथे फोन करून परिस्थिती खरीखरी सांगा आणि सवलतीबद्दल विचारा.

केंद्रातून बाहेर पडल्यावर तो कुठे जातो?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात कमी विचारला जातो. तो दाखल करतानाच विचारायला हवा.

गर्द घेणाऱ्यासाठी बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायचा तेवढाच डोस आता श्वास थांबवू शकतो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या बाबतीतही हेच. हे त्याला निरोप देताना स्पष्ट शब्दांत सांगावं. ‘अपशकुन नको’ म्हणून काही जण टाळतात. ते चूक आहे.

मग जागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा असं सांगितलं, आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तोच निकष आला. २०११ मध्ये मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. त्या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षात मुंबई त्याच्या जवळपासही नाही, आणि जे आहेत त्यांतले बरेच लहान मुलांसाठी आहेत. सुधारून आलेल्या माणसाला झोपायला जागा नसावी, याचा आम्हाला मनापासून राग आहे. वॉर्ड ऑफिसात याबद्दल विचारणारे नागरिक वाढले तर काहीतरी हलेल. एकट्या संस्थांच्या पत्रांना उत्तर येत नाही.

कामाबाबत अनुभव असा की पहिलं काम जुन्या वस्तीपासून लांब आणि राहण्याजेवण्याची सोय असलेलं बघावं: कँटीन, नर्सरी, गोठा, केंद्रातलंच स्वयंपाकघर. पहिल्या पगाराचा दिवस अवघड असतो. त्या संध्याकाळी कोणीतरी त्याच्याबरोबर असावं, आणि पैसे शक्यतो बँकेत जावेत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमस या नशा सोडणाऱ्यांच्या परस्पर मदत गटांच्या मीटिंगा मोफत आहेत, मुंबईत त्या मराठी-हिंदीतही होतात. तिथे संध्याकाळ भरून निघते, आणि फोन करायला एक माणूस मिळतो.

तो पुन्हा प्यायला लागला. आता आमची मेहनत वाया गेली का?

व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. दुसऱ्यांदा, चौथ्यांदा दाखल होऊन मग टिकलेली कितीतरी माणसं आज आमच्याबरोबर फील्डवर आहेत. स्लिप झाली की तो आपल्याला टाळतो, शरमेने. आपण जाऊन भेटायचं. ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. कशाने घसरला ते विचारायचं: पाऊस, जुना मित्र, घरून आलेला फोन? पुढच्या वेळी तेवढी एक गोष्ट बदलायची.

घरच्यांना कळवावं का?

त्याच्या परवानगीनेच. काहींना घर हवं असतं, पण ‘या अवस्थेत नको’ म्हणतात. त्यांना थोडे बरे दिवस जाऊ द्या, चांगले कपडे घालून फोनवर चेहरा दाखवू द्या. काहींच्या बाबतीत घर हेच पळून येण्याचं कारण असतं.

आणि जे आईवडील मुलाला शोधत आमच्याकडे येतात त्यांना सांगणं एवढंच की तो सापडला तर पहिल्या भेटीत घरी चलण्याचा आग्रह करू नका. त्याच्याबरोबर चहा प्या. जमीन, लग्न, लोक काय म्हणतात, हे विषय नकोत. मिसिंगची तक्रार केली नसेल तर आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात करून ठेवा. पुढे कागदपत्रं काढताना ती कामाला येते.

फोन कुठे करायचा आणि काय सांगायचं?

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, निःशुल्क आहे. मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, रुग्णवाहिका १०८, मुलांसाठी १०९८. फोनवर ‘एक गर्दुल्ला पडलाय’ असं सांगू नका. त्यावरून समोरच्याला काही कळत नाही. जागा नेमकी सांगा: कोणतं स्टेशन, पूर्व की पश्चिम, कुठल्या जिन्याखाली, कोणत्या दुकानासमोर. अंदाजे वय, पुरुष की स्त्री, जखम आहे का, बोलतो का, कोणत्या भाषेत, दिवसाच्या कोणत्या वेळी तिथे सापडतो. नाव माहीत असेल तर सांगा. आणि कार्यकर्ता येईल तेव्हा पाच मिनिटं तिथे थांबता आलं तर थांबा. तुम्ही ओळखीचे असाल, तर ओळख तुम्हीच करून द्या.